सुट्टे न्हाईत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सोळा दिवस बसून होतो. एका भिंतीला चादर ठोकली होती आणि तिच्यावर टाचण्यांनी चिठ्ठ्या लावत होतो. मालिकेत होऊन गेलेला प्रसंग पिवळ्या चिठ्ठीवर, नवा सुचलेला पांढऱ्यावर. पहिल्या दिवशी दिवेलागणीला भिंत हळदीनं माखल्यासारखी दिसत होती. पांढरी चिठ्ठी एकही नव्हती. निर्माते खूश झाले. "म्हणजे पिक्चर तयारच आहे की!" असं म्हणून ते जेवायला गेले.

मालिकेचं नाव सांगत नाही, कारण पिक्चर अजून कागदावरच आहे. तीन वर्षं चाललेली विनोदी मालिका. मी तिचे शेवटच्या दीड वर्षाचे संवाद लिहिले. शिवाजी पेठेतला एक जुना वाडा, त्याचे मालक अप्पा, चार बिऱ्हाडं आणि दारात चहाची टपरी. प्रत्येक भागात अप्पा एकदा तरी चहा पितात. मग बंडीचा खिसा चाचपतात, कोटाचा चाचपतात, टोपी काढून आत बघतात आणि म्हणतात, "सुट्टे न्हाईत." टपरीवाला वहीत लिहितो. बास, एवढंच. लोक ह्या दोन शब्दांची वाट बघत बसायचे. लग्नाच्या पंगतीत आहेर द्यायच्या वेळी कुणीतरी ते म्हणणार आणि मांडव हसणार, इथवर मजल गेली होती.

निर्मात्यांचा हिशेब सरळ होता. जाहिराती वगळल्या की एक भाग बावीस मिनिटांचा. सगळ्यांत गाजलेले पाच भाग घ्यायचे, एकाला एक जोडायचे, एकशे दहा मिनिटांचा पिक्चर झाला. आम्ही हे करूनही बघितलं. पाच भागांच्या संहिता सलग ठेवून मोठ्यानं वाचल्या. पहिल्या भागाला हसलो, दुसऱ्याला हसलो, तिसरा सुरू झाला तेव्हा दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. संहिता तीच, विनोद तेच, वाचणारेही आम्हीच. मग बिनसलं कुठं?

गोम मालिकेच्या शेवटात आहे. विनोदी मालिकेचा भाग संपतो तेव्हा सगळं जिथल्या तिथं परत येतं. नळावरचं भांडण मिटतं, रुसलेली सून माहेराहून येते, अप्पांची उधारी तशीच राहते. पुढच्या सोमवारी कुणालाच मागचं काही आठवत नाही. घरी जेवताना बघणाऱ्याला हेच हवं असतं. चार भाग चुकले तरी वाडा ओळखीचाच राहतो. पण थिएटरात बसलेल्या माणसासमोर पाच वेळा सगळं जिथल्या तिथं आलं, तर त्याच्या मनातून पिक्चर पाच वेळा संपतो. एकदा संपल्यावर त्याला पुन्हा खुर्चीत बसवणं फार अवघड.

मग दुसरा उपाय निघाला: मंडळींना सहलीला धाडायचं. ही युक्ती आमची नव्हे. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात दूरदर्शनवरच्या विनोदी मालिकांचे चित्रपट करायची लाटच आली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हीच वाट धरली. 'आर यू बीइंग सर्व्ड?' ह्या दुकानातल्या मालिकेचा चित्रपट १९७७ साली आला, त्यात दुकानातली सगळी माणसं उचलून स्पेनला सुट्टीवर नेली. 'ऑन द बसेस'वाल्यांनीही १९७३ साली एक सुट्टीचा चित्रपट काढला. आम्ही अप्पांना तारकर्लीला पाठवलं. दोन दिवसांत बारा पांढऱ्या चिठ्ठ्या झाल्या. समुद्र आला, होडी आली, मासळीवरून गोंधळ आला. सगळं होतं, पण अप्पांचं हसू येईना. कारण तारकर्लीत त्यांची उधारी कुणाकडंच नव्हती. अप्पांचा विनोद अप्पांच्या अंगात नाहीच, तो टपरीवाल्याच्या वहीत आहे, हे तेव्हा कळलं. माणूस उचलून नेता येतो, त्याची पत नेता येत नाही. तारकर्लीच्या चिठ्ठ्या काढल्या.

त्या रात्री मी चिमणराव घेऊन बसलो. चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी सुट्या सुट्या गोष्टींतून उभी केली. म्हणजे मूळचा मामला मालिकेचाच: माणसं तीच, दर खेपेला नवी फजिती. ह्या जोडीला पडद्यावर आणलं ते आमच्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी. १९०६ साली इथं जन्मलेला, १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्याबरोबर इथंच हंस पिक्चर्स काढणारा हा माणूस. १९४० साली नवयुग ह्या चित्रसंस्थेसाठी त्यांनी चित्रपट केला, 'लग्न पहावं करून'. दामूअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

त्या नावाकडं मी बराच वेळ बघत राहिलो. चिमणरावाचं नावसुद्धा त्यात नाही. अर्धी म्हण आहे, आणि त्या अर्ध्या म्हणीत एक अख्खं काम आहे. लग्न करून बघायचं म्हणजे ते ठरवावं लागतं, निभवावं लागतं, आणि एका दिवशी ते संपतं. विस्कळीत फजित्यांना ओवायला असा दोरा लागतो. सात दशकांनंतर हिंदीत 'ऑफिस ऑफिस' मालिकेचा चित्रपट झाला, २०११ सालचा 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस'. त्यातही तेच दिसतं. मालिकेत पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात वेगळं काम घेऊन सरकारी टेबलांपुढं उभा राहायचा. चित्रपटात त्याला एकच काम दिलं: पेन्शनच्या कागदावर तो मेलेला आहे, त्यानं जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. टेबलं मालिकेतलीच, अर्ज मात्र एकच, आणि तो जन्ममरणाचा.

चिमणरावांची वाट पुढं आणखी गमतीची झाली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर मालिका आली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही जोडी घरोघरी पोचली. ती इतकी पोचली, की १९७९ साली त्याच जोडीला घेऊन चित्रपट निघाला. ह्या खेपेला चित्रपटाचं नावच 'चिमणराव गुंड्याभाऊ'. १९४० साली नावात काम होतं, १९७९ साली नावात माणसं आली. मधल्या काळात दूरदर्शननं काय केलं, ते ह्या दोन पाट्यांवरून कळतं. तिकीट आता गोष्टीचं नव्हे, ओळखीच्या चेहऱ्यांचं काढलं जात होतं. आमच्या निर्मात्यांचाही भरवसा त्याच ओळखीवर होता. पण ओळखीवर माणूस थिएटरच्या दारापर्यंत येतो, आत त्याला बसवून ठेवायला कामच लागतं.

आमचं काम आम्हाला पाचव्या दिवशी सापडलं. पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांना धोकादायक इमारतीच्या नोटिसा लावते. अप्पांच्या दारावर तशी नोटीस चिकटवली: पंधरा दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर रिकामा करा. आता पैसे हवेत, आणि ज्या माणसाकडं तीन वर्षं सुट्टे नव्हते त्यानं ते उभे करायचे. त्याबरोबर पिवळ्या चिठ्ठ्या आपोआप गळायला लागल्या. नळावरचं भांडण राहिलं, कारण दुरुस्तीची वर्गणी त्याच भांडणात अडकते. गणपतीतल्या नाटकाचा भाग सगळ्यांत गाजलेला, पण तो ह्या पंधरा दिवसांत बसेना. तो काढताना निर्मात्यांचा चेहरा बघवेना. शेवटी शंभरावर पिवळ्यांतल्या अकरा उरल्या.

पुढचं काम बारीक होतं. टीव्हीवर पंच पडला की पार्श्वसंगीतवाला एक 'ठ्यांव' टाकतो आणि पुढचं वाक्य लगेच येतं. थिएटरात हशा खरा असतो आणि तो पुढचं वाक्य गिळतो. म्हणून प्रत्येक मोठ्या पंचानंतर आम्ही बिनमहत्त्वाचं काहीतरी ठेवलं: कुणी चष्मा पुसतो, मांजर भिंतीवरून जातं. जुन्या नाटकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, हशा ओसरेपर्यंत ते पानाला चुना लावत उभे राहतात. दुसरं म्हणजे 'सुट्टे न्हाईत' किती वेळा? वाहिनीच्या माणसानं दहा सांगितलं. आम्ही तीनवर आणलं. पहिल्यांदा जुन्या प्रेक्षकासाठी, त्याला ओळख पटावी म्हणून. त्याच प्रसंगात नव्या प्रेक्षकाला अप्पा कळावेत म्हणून वाड्यात नव्यानं आलेली भाडेकरू मुलगी शेजारी उभी केली, तिला जे कळतं ते त्याला कळतं. दुसऱ्यांदा नोटीस घेऊन आलेल्या कारकुनापुढं. आणि तिसऱ्यांदा काय, हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

तेराव्या दिवशी वाचन ठेवलं. छापखान्याचे कामगार, दिग्दर्शकाच्या आत्या, कॉलेजची चार पोरं आणि एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये उभी हयात मशीन चालवलेले एक काका. मी वाचत होतो आणि सहायक पोरगा जिथं हशा येईल तिथं समासात पेन्सिलीची खूण करत होता. पहिल्या वीस पानांत समास भरून गेले. इंटरव्हलनंतर दहा पानं कोरी गेली. काकांनी चहा फुंकत विचारलं, "हे आमी टीव्हीवर फुकट बघितलंय की. तिकीट कशापायी काढायचं?"

बोचलं, पण बरोबर होतं. इतकं करूनही नोटिशीचा प्रश्न शेवटी टीव्हीसारखाच मिटत होता. मुंबईहून भाचा येतो, पैसे देतो, अप्पा होते तसेच. आम्ही भाचा काढला. वाडा अप्पांनीच वाचवला, कसा ते सांगत नाही. आणि शेवटच्या पानावर ते टपरीवर येतात, चहा पितात, बंडी चाचपतात, कोट चाचपतात, टोपी काढतात. टोपीतून घडी घातलेल्या नोटा काढून वहीवर ठेवतात. तीन वर्षांची उधारी. टपरीवाला मोजतो, वीस रुपये जास्त निघतात. तो गल्ला उघडून बघतो आणि म्हणतो, "सुट्टे न्हाईत."

सोळाव्या दिवशी हे पुन्हा त्याच मंडळींपुढं वाचलं. क्षणभर कुणी हसलं नाही. मग आत्यांनी डोळ्याला पदर लावला आणि त्या पदराआडूनच हसायला लागल्या. सहायकाची पेन्सिल समासात नुसतीच टेकलेली राहिली. काका मात्र गंभीर. "झ्याक झालंय," ते म्हणाले, "पर आता म्हाताऱ्यानं पैसं दिल्यावर तुमची मालिका परत कशी चालनार?"

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी वाहिनीकडून आला, जरा सुटाबुटात. मालिकेचा पुढचा हंगाम ठरतोय, तेव्हा अप्पांनी उधारी फेडू नये. त्यांचंही चूक नाही. मालिका विनोद व्याजावर चालवते, मुद्दलाला हात लावत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. पिक्चरला दोन तासांत मुद्दल मोडावं लागतं. मोडलं नाही तर काकांचा पहिला प्रश्न, मोडलं तर दुसरा. दिग्दर्शकानं ती शेवटची पांढरी चिठ्ठी भिंतीवरून काढली नाही, पण एकाऐवजी दोन टाचण्या लावल्या.

वाटाघाटी अजून चालू आहेत. मी खाली उतरलो, छापखान्यासमोरच्या गाड्यावर चहा घेतला आणि खिशात हात घातला. पाचशेची एकच नोट होती. चहावाल्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी काही बोलायच्या आधीच वही उघडली.