आकाशांतून सभोंवारचें चित्र : ॲप कोणतें घ्यावें ?

गेल्या मे महिन्यांत आपल्या शाळेची उत्तरेकडील जुनी कौलारू इमारत पाडण्यांत आली. ती पाडण्यापूर्वीं तिचें व भोंवतालच्या सर्व आवाराचें एक चित्र आकाशांतून घेऊन ठेवावें, असें आम्हां कांहीं शिक्षकांच्या मनांत आलें. नववींतील एका विद्यार्थ्याच्या मामांपाशीं लहानसा ड्रोन होता. मुख्याध्यापकांची संमति मिळाली, पोलीस ठाण्यांत रीतसर कळविण्यांत आलें, आणि एका शनिवारीं सकाळीं आम्हीं तो उडविला. चित्र निघालें, परंतु जसें निघावयास हवें होतें तसें निघालें नाहीं, आणि पुन्हां काढूं म्हटलें तर इमारत आतां उरलेली नाहीं. तेव्हांपासून अनेक विद्यार्थी मला विचारतात, "सर, ड्रोननें पॅनोरमा काढायचा तर कोणतें ॲप चांगलें ?" कित्येक पालकांनींही हाच प्रश्न केला आहे. मधल्या सुटींत उभ्याउभ्या देण्याजोगें त्याचें उत्तर नाहीं; म्हणून तें येथें जरा विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

पॅनोरमा हा शब्द 'सर्व' व 'दृश्य' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनविलेला आहे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या चित्रकारानें एडिंबरो शहरांतील एका टेकडीवर उभें राहून सभोंवार दिसणारा संपूर्ण देखावा रंगविला, व १७८७ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें १७९३ सालीं लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्यें अशा चित्रांसाठीं एक वर्तुळाकार इमारतच बांधण्यांत आली. प्रेक्षक मध्यभागीं उभा राही, आणि चित्र त्याच्या चहूंबाजूंस पसरलेलें असे.

आकाशांतून असें चित्र घेणेंही नवीन नव्हे. १९०६ सालच्या एप्रिल महिन्यांत सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें व आगीनें उद्ध्वस्त झालें. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं जॉर्ज लॉरेन्स या अमेरिकन छायाचित्रकारानें सतरा पतंगांच्या माळेला आपला अवजड कॅमेरा टांगला, आणि सुमारें २००० फूट उंचीवरून त्या भग्न नगराचें विस्तीर्ण चित्र घेतलें. संक्रांतीला एकच पतंग सांभाळतांना ज्यांची तारांबळ उडते त्यांनीं सतरा पतंगांची कल्पना करून पाहावी ! लॉरेन्सचें चित्र एकाच फिल्मवर उमटलें. आपल्या ड्रोनला तसें करतां येत नाहीं. त्याला तुकड्यातुकड्यांनीं पाहावें लागतें आणि मग ते तुकडे सांधावे लागतात. ॲपची सारी महति, आणि सारी अडचणही, या सांधण्यापाशीं आहे.

थोडें गणित करूं. लहान ड्रोनच्या कॅमेऱ्याचें भिंग आडवें सुमारें ७० अंश पाहूं शकतें. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचें. म्हणजे सहा चित्रांत काम भागावयास हवें. परंतु कित्येक ड्रोन एका फेरींत आठ चित्रें घेतात, म्हणजे दर ४५ अंशांना एक. असें कां ? तर शेजारशेजारच्या दोन चित्रांत सुमारें २५ अंशांचा भाग दोहोंतही आलेला असावा. त्या सामाईक भागांतील खिडकीचा कोपरा, झाडाचा शेंडा, रस्त्यावरील पट्टा अशा खुणा जुळवूनच सांधा केला जातो. शिंपी दोन कापड जोडतांना शिवणीपुरतें कापड राखतो, तसेंच हें. अशा तीन फेऱ्या वर, समोर व खालीं घ्यावयाच्या, आणि एक चित्र सरळ पायाखालचें. आठ त्रिक चोवीस आणि एक, मिळून पंचवीस चित्रें. संपूर्ण गोल पॅनोरमासाठीं कांहीं प्रसिद्ध ड्रोनांवर हीच योजना आहे.

इतकें करूनही आकाशाचा माथा सुटतो. पुष्कळ लहान ड्रोनांचा कॅमेरा क्षितिजाच्या वर २० अंशांच्या आसपासच मान उचलूं शकतो. भिंगाच्या उभ्या दृष्टीचा अर्धा भाग त्यांत मिळविला तरी ४८-५० अंशांपलीकडचें आकाश त्याला दिसतच नाहीं. मग चित्रांत तें कोठून येतें ? कित्येक ॲपें तें आजूबाजूच्या निळ्या रंगावरून भरून काढतात. यांत लबाडी आहे असें मीं म्हणत नाहीं. पण डोक्यावरचा तो ढग खरा नव्हे, हें ठाऊक असावें.

आतां आमचें चित्र कां बिघडलें तें पाहा. आपला अंगठा डोळ्यांपुढें धरा आणि एकेक डोळा आळीपाळीनें मिटा. अंगठा जागा बदलतो, पण मागची भिंत जवळजवळ जेथल्या तेथें राहते. ड्रोन एका जागीं स्थिर राहून फिरतो असें आपण म्हणतों. परंतु त्याचा कॅमेरा मधोमध नसून नाकाशीं असतो. त्यामुळें ड्रोन फिरला कीं कॅमेराही एका लहान वर्तुळांत सरकतो. त्यांत वारा ड्रोनला थोडें इकडे तिकडे ढकलतोच. दूरच्या डोंगराला याचें कांहीं नाहीं; जवळच्या वस्तूला मात्र आहे. आम्हीं उत्साहाच्या भरांत ड्रोन कडुनिंबाच्या शेंड्याजवळच थांबविला होता, म्हणजे छप्पर मोठें दिसावें ! परिणाम असा झाला कीं, कडुनिंबाची एक फांदी अर्धवट तुटून हवेंत लोंबत राहिली, आणि छपराची सरळ आढी एके ठिकाणीं पायरीसारखी खचलेली दिसूं लागली. शाळेचे शिपाई घंटेकडे चालले होते, ते दोन फेऱ्यांत सांपडून चित्रांत दोनदां आले. यावर मुलें अजून हंसतात. जवळपासच्या सर्वांत उंच वस्तूपासून निदान ४०-५० फूट दूर राहावें, वारा पडलेला असावा, आणि आवारांत कोणी चालत नसावें, एवढें पाळलें असतें तर कोणत्याही ॲपनें बरें चित्र दिलें असतें.

येथपर्यंतची चूक ॲपची नव्हती, आमची होती. पुढची मात्र ॲप निवडण्याशीं संबंधित आहे. सांधा बिघडला असें दिसतांच मी म्हणालों, "हरकत नाहीं, मूळ पंचवीस चित्रें घेऊन संगणकावर सावकाश पुन्हां सांधूं." मेमरी कार्ड उघडलें. त्यांत सांधलेलें एकच चित्र होतें. मूळ चित्रें राखून ठेवण्याची सोय त्या ॲपच्या मांडणींत होती, पण तिचें बटण बंद होतें, आणि तें पाहण्याचें आम्हांपैकीं कोणासही सुचलें नव्हतें. सोमवारीं मजूर आले व कौलें उतरूं लागले.

म्हणून ॲप निवडतांना मी पहिला प्रश्न हाच विचारतों : हें ॲप मूळ चित्रें माझ्या हातीं देतें कीं नाहीं ? आणि देत असेल, तर तीं आपोआप देतें कीं बटण दाबल्यावर ? फोनमध्यें सांधलेलें चित्र पाहावयास झटपट मिळतें व सुबकही असतें. परंतु फोन तें आपल्या शक्तीच्या मानानें सांधतो, आणि पुष्कळदां त्याचा आकार मूळ चित्रांच्या बेरजेहून फारच लहान असतो. मूळ चित्रें हातीं असलीं तर संगणकावर तेंच काम वाटेल तितक्या वेळां करतां येतें. त्यासाठीं ह्युगिन नांवाचें एक साधन विनामूल्य मिळतें. पीटीगुई नांवाचें दुसरें विकत घ्यावें लागतें. या दोहोंचें मूळ जर्मनींतील हेल्मुट डेर्श या गणित व पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनीं १९९८ सालीं सुरू केलेल्या पॅनोरमा टूल्समध्यें आहे. एका प्राध्यापकाच्या खटाटोपांतून उभें राहिलेलें हें काम आज जगभर चालतें, याचें मला शिक्षक या नात्यानें विशेष कौतुक वाटतें.

दुसरा प्रश्न : आपला ड्रोन कोणता ? लोक आधीं ॲप निवडावयास जातात, पण ॲप ड्रोनशीं बांधलेलें असतें. डीजेआय या चिनी कंपनीच्या अलीकडच्या मिनी व एअर जातींच्या ड्रोनांना डीजेआय फ्लाय हें ॲप लागतें. फँटम ४ किंवा पहिला मॅव्हिक प्रो यांना डीजेआय गो ४ लागतें. एकाचें दुसऱ्याला चालत नाहीं. त्यांतही ड्रोनाड्रोनांत भेद आहे. २०१९ सालच्या मॅव्हिक मिनीवर कंपनीच्या ॲपांत पॅनोरमाची सोय नव्हती. पुढच्या वर्षींच्या मिनी २ वर ती आली. तेव्हां दुकानदाराच्या जाहिरातीपेक्षां आपल्याच ड्रोनचें माहितीपत्रक वाचलेलें बरें.

कंपनीचें ॲप पुरेसें न वाटल्यास लिची, ड्रोनलिंक अशीं परक्यांनीं बनविलेलीं ॲपेंही आहेत. त्यांत किती ओळी घ्यावयाच्या, एका ओळींत किती चित्रें, हें आपण ठरवूं शकतों. चित्रें सुटीं सुटीं कार्डावर येतात आणि सांधण्याचें काम आपल्यावर राहतें. ज्याला शिकावयाचें आहे त्याला हा मार्ग मी सुचवीन. परंतु एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. ड्रोनच्या कंपनीनें आपली किल्ली उघडून दिली तरच अशीं ॲपें त्या ड्रोनवर चालतात. नव्या ड्रोनच्या बाबतींत कंपनी पुष्कळ काळ ती देत नाहीं, केव्हां केव्हां केवळ अँड्रॉइड फोनापुरतीच देते. अशा ॲपला पैसे मोजण्यापूर्वीं त्यांच्या यादींत आपल्या ड्रोनचें व फोनचें नांव आहे कीं नाहीं, हें पालकांनीं स्वतः पाहावें.

आपल्या देशांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं भारत सरकारनें परदेशी तयार ड्रोनांच्या आयातीस मनाई केली. त्यामुळें आपल्याकडे ज्यांच्यापाशीं असे ड्रोन आहेत, त्यांतील पुष्कळसे त्यापूर्वीचे असावेत. ड्रोन जुना, ॲप जुनें, आणि फोन मात्र दर दोनतीन वर्षांनीं नवा, अशी स्थिति होते. आणि जुनें ॲप नव्या फोनवर नीट चालेलच असें नाहीं. ॲपांचें आयुष्यही बेभरवशाचें. गूगलचें स्ट्रीट व्ह्यू हें ॲप गोल चित्रें नकाशावर चढविण्यासाठीं अनेकजण वापरीत. तें मार्च २०२३ मध्यें बंद झालें. जुना फोन चालता असेल तर तो ड्रोनसाठींच राखून ठेवावा, असा माझा सल्ला आहे. जाहिराती व निरोप मध्येंच येऊन उड्डाणांत व्यत्यय आणीत नाहींत, हा त्यांतला दुसरा फायदा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. प्रकाशाचें व रंगाचें मान सर्व चित्रांसाठीं एकच ठरवून ठेवण्याची सोय ॲपांत असावी. नाहींतर सूर्याकडचीं चित्रें काळोखीं, पाठीमागचीं उजळ, आणि सांधलेलें आकाश गोधडीसारखें पट्ट्यापट्ट्यांचें होतें. ॲपनें आपलें स्थान विचारावें हें योग्यच आहे, ड्रोनला तें लागतें. परंतु फोनमधील नांवांची यादी त्यानें कां मागावी? ती देऊं नये. गोल चित्र हें जगाच्या नकाशासारखें पसरलेलें, उंचीच्या दुप्पट रुंदीचें असतें, आणि त्याच्याबरोबर 'हें गोल चित्र आहे' अशी एक अदृश्य नोंद असते. व्हॉट्सॲपवर साधें चित्र म्हणून पाठविलें कीं ती नोंद गळून पडते, आणि आजोबांना एक विचित्र वांकडी पट्टी तेवढी दिसते. अशा वेळीं तें दस्तऐवज म्हणून पाठवावें.

कायद्याविषयीं एकच सांगतों. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें देशाचा नकाशा लाल, पिवळ्या व हिरव्या विभागांत वांटलेला आहे. हिरव्यांत साधारणपणें ४०० फुटांपर्यंत आगाऊ परवानगीवांचून उडवितां येतें, विमानतळाच्या आसपास ही मर्यादा कमी होते, आणि लाल विभागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून मुळींच नाहीं. ॲपनें उडूं दिलें म्हणजे कायद्यानें दिलें असें नव्हे; नकाशा स्वतः पाहावा लागतो.

यंदा दिवाळीच्या सुटींत त्याच मामांचा ड्रोन घेऊन आम्हीं रिकाम्या झालेल्या जागेचें व उरलेल्या आवाराचें चित्र पुन्हां घेतलें. आदल्या दिवशीं क्रीडांगणावर एक पॅनोरमा नुसता सरावासाठीं काढला, कार्ड संगणकाला लावलें, आणि नववीच्या मुलांनीं मोठ्यानें चित्रें मोजलीं. पंचवीस भरलीं. मगच दुसऱ्या दिवशींची वेळ ठरविली. मे महिन्यांत एवढी पांच मिनिटें आम्हीं दिलीं नव्हतीं. जुनें चित्र वाचनालयांत लावलेलें आहे. तुटलेल्या फांदीच्या उजव्या हाताला पाहिल्यास पांचवीच्या वर्गाची खिडकी अजून स्पष्ट दिसते.