चेहरा आधी मोजा, मग कात्री उचला

 

आधी एक झालेला प्रकार सांगते. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी घरातल्याच खोलीत पार्लर सुरू केलं. पहिल्याच महिन्यात सोसायटीतली एक मुलगी साखरपुड्याआधी हेअरकटला आली. ताईंनी तिच्या मोबाईलमधला सेल्फी बघितला, क्लासचा चार्ट काढला आणि ठरवलं, चेहरा लांबट आहे. लांबट चेहऱ्याला पुढे फ्रिंज छान दिसते, असं चार्टवर लिहिलेलंच होतं. कापली. कपाळ झाकलं गेलं आणि चेहरा एकदम गोल दिसायला लागला. मुलगी आरशासमोरच रडायला लागली. ताईंनी पैसे घेतले नाहीत, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचं ते गेलंच.

यात अर्धी चूक माझी. मी चार्ट शिकवला, चेहरा मोजायचा कसा ते शिकवलंच नव्हतं.

सेल्फी फसवतो. मोबाईल हातभर अंतरावर असला की कॅमेऱ्याच्या जवळचं नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता, लांब दिसतो. म्हणून फोटो घ्यायचाच असेल तर पाच-सहा फूट लांब उभं राहा, मोबाईल क्लायंटच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि झूम करा. केस पूर्ण मागे बांधलेले हवेत. हसू नको, कारण हसलं की गाल रुंद होतात.

पण माझं ऐकाल तर टेपच वापरा. टेलरची साधी टेप, नाहीतर फूटपट्टी. चार मापं घ्यायची: कपाळ जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, दोन्ही गालांच्या हाडांमध्ये, कानाखालच्या जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या टोकापर्यंत लांबी. टेप चेहऱ्याला गुंडाळायची नाही हं, समोर सरळ ताणून धरायची. गुंडाळलीत तर गुबगुबीत गालांचं माप उगाच वाढतं.

आता समजा कपाळ ११ सेंमी, गाल १३, जबडा १० आणि लांबी १९ आली. १९ भागिले १३ म्हणजे साधारण १.४६. लांबी रुंदीच्या दीडपटीच्या आसपास असेल आणि कडा मऊ असतील तर ओव्हल. त्याच्या बरीच पुढे गेली तर लांबट. लांबी-रुंदी जवळजवळ सारखी आणि जबडा मऊ असेल तर गोल; जबडा कोपऱ्यांत टोकदार आणि कपाळाइतकाच रुंद असेल तर चौकोनी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती म्हणजे हार्ट, गालच सगळ्यात रुंद म्हणजे डायमंड. ताईंनी नंतर त्या मुलीचं माप घेतलं. लांबी १६.५, गाल १४. भागून बघा, किती आलं?

आणि हो, बहुतेक चेहरे दोन प्रकारांच्या मध्ये कुठेतरी असतात. नाव शोधत बसू नका. लांबी वाढवायची आहे की रुंदी, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

इमिटेशन ज्वेलरी विकणाऱ्यांनी इथे जरा थांबून वाचा, कारण तुमचा फायदा पार्लरवाल्यांपेक्षा जास्त आहे. कानातलं जिथे संपतं तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. चौकोनी चेहऱ्याला नेमकं जबड्याच्या कोपऱ्यावर संपणारं रुंद झुमकं दिलंत, तर जबडा आणखी रुंद दिसतो. तिथे थोडं खाली जाणारं, बारीक लोंबतं द्या. गोल चेहरा आणि मान आखूड असेल तर ठुशीसोबत मोहनमाळही घालून दाखवा, उभी रेघ तयार होते. लांबट चेहऱ्याला मोत्यांच्या कुड्या आणि ठुशी उत्तम, कारण दोन्ही आडवी रुंदी देतात. एका दागिन्यासाठी आलेली बाई जोडी घेऊन जाते ती अशी. टिकलीलाही हेच लागू: गोल चेहऱ्यावर मोठी गोल टिकली गोलपणा वाढवते, उभी टिकली तो कमी करते. पण कुणाला मोठं गोल कुंकूच आवडत असेल तर मुकाट्याने तेच द्या. आवड गिऱ्हाइकाची, हिशेब आपला.

बोलताना जपा. “तुमचा चेहरा फार गोल आहे” हे वाक्य दुकानात नकोच. “यात तुमचे डोळे उठून दिसतात” असं म्हणा आणि आरसा पुढे करा. माप वहीत लिहा, तोंडाने जाहीर करू नका. फ्रिंजसारखं परत जोडता न येणारं काही करायचं असेल, तर आधी मागचे केस पुढे घेऊन पिना लावा आणि क्लायंटला दोन मिनिटं तसंच बसू द्या. “नको” म्हणाली तर पिन काढली की झालं.

केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंमी वाढतात. त्या मुलीचं लग्न पाच महिन्यांवर होतं. ताईंनी दर महिन्याला तिला फुकट बोलावून फ्रिंज बाजूला वळवत सेट करून दिली आणि लग्नाचा मेकअप शेवटी त्यांनाच मिळाला.

आज घरातल्या पाच जणांचे चेहरे मोजा. सासूबाईंचाही! आकडे वहीत लिहा, आणि कुठे अडलात तर व्हिडिओखाली चारही मापं टाका, नाव नको. मी बघते.