निकालाच्या अलीकडची शिस्त

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी रस्ता ओलांडणे अवघड होते. दप्तरे अडकवलेली मुले एका क्लासमधून निघून दुसऱ्या क्लासकडे वळतात. वर फलकांवर गेल्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो असतात आणि फोटोंखाली गुण. नांदेड-परभणीपासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंतचे आईबाप मुलांना इथे आणून ठेवतात. शिकवणी तर त्यांना हवीच असते, पण पोराला वळण लागावे ही आस त्याहून मोठी असते. पहाटे कोणीतरी उठवावे, मोबाईल काढून घ्यावा, आठवड्याला चाचणी घ्यावी.

या ‘लातूर पॅटर्न’चे मूळ 1970 साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आहे. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात तिथे जादा तास, सराव परीक्षा आणि प्रत्येक मुलाकडे शिक्षकांचे लक्ष अशी घडी बसली. जिल्ह्याच्या गावातली मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, ते या मेहनतीमुळे. ही कामगिरी लहान नाही. प्रश्न उरतो तो पुढचा. होस्टेल सुटले, उठवणारे कोणी राहिले नाही, की त्या शिस्तीचे काय होते?

या प्रश्नाचा सर्वांत चिवटपणे विचार केला तो स्टोइक तत्त्वज्ञांनी. सायप्रस बेटावरचा झेनो इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अथेन्सच्या बाजारपेठेत, चित्रांनी सजलेल्या एका ओसरीत शिकवायला बसू लागला. ‘स्टोआ’ म्हणजे तीच ओसरी, स्टोइक हे नाव तिच्यावरूनच. पुढे रोमन जगात या विचाराचे तीन मोठे आवाज घुमले: राजदरबारातला धनाढ्य सेनेका, गुलाम म्हणून जन्मलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस.

लातूरच्या मुलांना जवळचा वाटावा तो एपिक्टेटस. तो पायाने अधू होता. गुलामीतून सुटल्यावर रोममध्ये शिकवू लागला, तर सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर काढले. मग ग्रीसमधल्या निकोपोलिस गावी त्याने शाळा काढली. घर सोडून आलेली तरुण मुले तिथे शिकत. त्याने स्वतः काही लिहिले नाही. आज जे हाती आहे ते आरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गात उतरवून घेतलेल्या नोट्समुळे. जाडजूड ग्रंथ पाठ करून मिरवणाऱ्या मुलांना तो फैलावर घेई. वाचलेले वागण्यात उतरले का, एवढेच तो विचारी.

त्याची शिकवण एका वाटणीपासून सुरू होते. आपले मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न आपल्या ताब्यात असतो. शरीर, पैसा, नाव, पद यांवर तसा ताबा नसतो. स्टोइक यासाठी तिरंदाजाचा दाखला देत. नेम धरणे, दोरी ताणणे, बाण नीट सोडणे हे त्याचे काम. सुटल्यावर वारा आला किंवा लक्ष्य हलले, तर त्याची कसूर नाही. 2024 ची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आठवावी. वेळ वाया गेल्याबद्दल 1563 परीक्षार्थींना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली, पुढे एका प्रश्नाचे उत्तरच बदलले आणि निकाल नव्याने लावावा लागला. खोलीत दार लावून दोन वर्षे अभ्यास केलेल्या मुलांची रँक त्यांनी काहीही न करता हलली. ज्याची सारी शिस्त रँकवर टांगलेली होती, तो त्या आठवड्यात कोसळला असेल तर नवल नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. हातात नाही म्हणून गप्प बसायचे का? अन्याय सोसायचा का?

याचे उत्तर मराठवाड्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. व्यंकटेश खेडगीकर हा मुलगा टिळक गेले तेव्हा, 1920 साली, सोळा वर्षांचा होता. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्याने तेव्हाच केला. पुढे कामगार चळवळ, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षकी, तिथेच संन्यास, आणि ‘स्वामी रामानंद तीर्थ’ हे नाव. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि स्वामीजी सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. त्यानंतर सुटका आणि अटक यांची रांगच लागली. 15 ऑगस्ट 1947 ला देश मोकळा झाला त्या दिवशीही निजामाने त्यांना पकडले. तुरुंग कधी उघडेल हे त्यांच्या हाती नव्हते. सुटल्यावर पुन्हा उभे राहायचे की नाही, हे होते. त्यांची वाट संन्याशाची आणि गांधींची, तिला स्टोइक म्हणण्याची गरज नाही. पण कैद सोसणे आणि अन्याय मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके स्वच्छ कोणी जगून दाखवलेले नाही. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाने, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबर 1994 ला सुरू झाले आणि पहिले कुलगुरू झाले ते शाहू महाविद्यालयाचे हेच डॉ. वाघमारे.

रोजच्या नेमाचे बळ पाहायचे तर त्याच नांदेडात भल्या पहाटे उठावे. शिखांच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये दररोज अंधार असतानाच गोदावरीचे पाणी घागरीने आणले जाते. ऊन असो, थंडी असो, पाऊस असो. आज मन लागते का, असे तिथे कोणी आधी विचारत नाही.

सेनेकाने दोन सवयी सांगितल्या आहेत. एक म्हणजे अधूनमधून काही दिवस जाडेभरडे खाऊन, साधे नेसून राहायचे. गरिबीची भीती त्याने मोडते. हा सल्ला मराठवाड्यात जपून द्यावा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा घागरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बाईची तहान ही साधना नव्हती, ती व्यवस्थेची चूक होती. स्वेच्छेने कमी करण्याचा अभ्यास ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याने करावा.

दुसरी सवय मात्र कोणालाही जमेल. दिवा मालवल्यावर, घरात सामसूम झाली की सेनेका दिवसभराचे वागणे तपासून पाही: कुठे चुकलो, कुठे सुधारलो, काय राहिले. चूक दिसली तर स्वतःला माफ करून उद्या तसे करू नको म्हणे. मार्कसने तर डॅन्यूबकाठच्या लढाईच्या छावणीतही अशी टिपणे लिहिली. लातूरच्या होस्टेलमध्ये झोपण्याआधीची दहा मिनिटे यासाठी ठेवता येतील. किती तास बसलो याऐवजी कोणत्या क्षणी मन भरकटले, कोणाचे गुण ऐकून पोटात गोळा आला, आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडले का, एवढे लिहायचे. ही वही क्लासच्या सरांनी तपासायची नाही आणि आईबापांनीही मागायची नाही. मार्कसची टिपणेही त्याच्या स्वतःपुरतीच होती.