पाडव्याचा कडू चमचा, व्हाया तुर्भे

गुढी उभारून झाली की घरातली पोरं अचानक दिसेनाशी होतात. पुढचा कार्यक्रम त्यांना पाठ असतो: तळहातावर कडुनिंबाची चटणी आणि ‘थुंकायचं नाही’ असा आजीचा दम. कोवळा पाला किंवा मोहोर, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मिरी, जिरं, मीठ. एवढ्याशा गोळीत अख्खं वाणसामान! वसंतात प्रकृती सांभाळायचा हा आपला जुना उपाय. त्याच्या काही चटपटीत गोष्टी.

नाव वाशीचं, माल तुर्भ्याचा

पाला दारच्या झाडाचा. बाकीचे जिन्नस मुंबईकरांच्या घरी पोचतात ते बहुधा तुर्भ्याच्या एपीएमसीतून. लोक म्हणतात ‘वाशी मार्केट’, तुर्भेकर मनातल्या मनात दुरुस्त करतात. मसाला, धान्य, फळं, भाजीपाला आणि कांदा-बटाटा असे पाच बाजार इथे शेजारी नांदतात. फळांचा घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटमधून इकडे आला तो १९९६ साली. म्हणजे ओवा-हिंगाचे गाळे आणि कैरी-हापूसचे गाळे एकाच आवारात. पाडव्याचं औषध आणि पाडव्याची चैन, दोन्ही एका फेरीत.

चिमूटभर मिठाचा चमत्कार

कडू चटणीत मीठ कशाला? मिठातलं सोडियम जिभेवर कडवटपणा दाबतं, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. कडू दबलं की गुळाचा गोडवा वर येतो. कारल्याला मीठ चोळून ठेवणाऱ्या घरात हे नव्याने सांगायला नको.

गोडाला एक, कडूला पंचवीस

पोरांनी तोंड वाकडं केलं तर रागावू नका. गोड ओळखायला जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक रेणू असतो, कडू ओळखायला मात्र सुमारे २५ प्रकारचे. निसर्गात बरीच विषं कडू, म्हणून हा चोख पहारा. त्यातून लहान मुलांना कडू मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतं. आजी ती चटणी हसत गिळते ती नुसत्या श्रद्धेच्या जोरावर नव्हे.

हिंग परदेशी, रोप हिमाचली

चटणीत सगळ्यात लांबून येतो तो हिंग. भारतात कच्चा हिंग येतो तो प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून. इथे त्यात डिंक आणि पीठ मिसळून आपल्या डबीतला बांधानी हिंग तयार होतो. आपल्या मातीत लागवडीचा प्रयोग अगदी अलीकडचा: पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेने १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचं पहिलं रोप लावलं.

ओव्याचा तो वास

ओवा चोळला की येणारा झणझणीत वास थायमॉलचा. हाच थायमॉल दुकानातल्या कित्येक माउथवॉशमध्ये असतो. आजीची चटणी आणि बाथरूममधली निळी-हिरवी बाटली, नातं निघालं की!

पंढरपुरातलं प्रिस्क्रिप्शन

काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात ‘धर्मसिंधु’ रचला. आज काय करावं, काय टाळावं हे सांगणारा हा ग्रंथ वर्षप्रतिपदेला तेल लावून न्हायला सांगतो आणि कडुनिंबाचा पालाही खायला लावतो. शिवाय प्रपादान, म्हणजे पाणपोई घालायला सांगतो, तीही चार महिने. तुर्भ्याच्या उन्हात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगाराला विचारा, या तिन्हीतलं मोलाचं कलम कोणतं!

निंब-हळदीची पेटंट-लढाई

कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याचं युरोपीय पेटंट १९९४ मध्ये अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला मिळालं. भारतात हे ज्ञान जुनंच आहे, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या साथीदारांनी घेतला. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. त्याआधी, १९९७ मध्ये, उटण्यातल्या हळदीनेही अमेरिकेत असाच डाव जिंकला होता. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट रद्द करून घेणाऱ्या सीएसआयआरचे तेव्हाचे प्रमुख होते आपले रघुनाथ माशेलकर.

कडू खाणारे आपण एकटे नाही

पाडव्याच्याच दिवशी कर्नाटकात ‘बेवु-बेल्ला’ म्हणजे कडुनिंब-गूळ, आंध्र-तेलंगणात सहा चवींची उगादी पचडी. काश्मिरी पंडितांच्या नवरेहच्या थाळीतही एक कडू वनस्पती असतेच. ज्यूंच्या वसंतातल्या वल्हांडण सणाला कडू पाल्याचा मान असतो, आणि वसंतात पानात कडू वाढावं असं जपानी लोकही म्हणतात.

जरा जपून

वर्षातून एक चमचा हा प्रसाद. रोज पेलाभर रस हे औषध, आणि औषध डॉक्टरांना विचारून. तान्ह्या बाळांना कडुनिंबाचं तेल पाजल्याने विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. आणि गुढीवरचा उपडा तांब्या ‘लहरी’ खेचतो वगैरे जे फॉरवर्ड फिरतं, त्याला काही शास्त्रीय आधार नाही. गुढी त्याविनाही झकास दिसते.

गाठी आणि पन्हं

गुढीच्या गळ्यातली साखरगाठी म्हणजे साच्यात दोरा ठेवून वर ओतलेला साखरेचा पाक. कडूवर उतारा म्हणून पोरांचा डोळा तिच्यावर. त्यापेक्षा शहाणा गोडवा पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मिळतो: उकडलेल्या कैरीचं, गूळ-वेलदोड्याचं पन्हं आणि सोबत वाटली डाळ. घाम गाळणाऱ्या अंगाला पाणी, मीठ आणि साखर एकाच पेल्यात. फळबाजारात तोवर कैरीचे ढीग लागलेलेच असतात.

आणि वैद्याचं अर्धंच ऐकणारा सण

कडूच का, याचं आयुर्वेदाचं उत्तर वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, ऋतुचर्येच्या अध्यायात आहे. थंडीत साचलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते. म्हणून कडू, कोरडं, हलकं खावं, व्यायाम करावा, अंगाला उटणं चोळावं; जुना गहू, जव आणि मध चालेल. सकाळपर्यंत आपण अगदी आज्ञाधारक रुग्ण असतो: उटणं झालं, कडू चमचा झाला.

मग पानं मांडली जातात. वाग्भटाने वसंतात टाळायला सांगितलेल्या गोष्टी सहा: जड, थंड, स्निग्ध, आंबट, गोड आणि दुपारची झोप. पहिल्या पाच श्रीखंडाच्या एकाच वाटीत सापडतात. सहावी ती वाटी रिकामी झाल्यावर आपोआप येते.