बोलवत नाही, तेव्हा लिहिता येतं

दिवाळीची संध्याकाळ. खाली पाहुण्यांसाठी फराळाच्या बशा भरल्या जात आहेत आणि वरच्या खोलीत तुमची सोळा वर्षांची मुलगी दार लोटून बसली आहे. तिला कुणाला तरी सांगायचं आहे. पण फोनवर बोलावं तर भिंतीपलीकडे आजी, जिन्यात मावशी. अशा वेळी ती ९८८ वर नुसता मेसेज पाठवू शकते. हे तिला माहीत आहे का? आणि तुम्हाला?

अमेरिकेत ही सोय आता नवी राहिलेली नाही. ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ २०१३ मध्ये सुरू झाली. ७४१७४१ वर इंग्रजीत ‘होम’ लिहून पाठवलं की संभाषण सुरू होतं. जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी राष्ट्रीय क्रमांक आला. त्यावर फोनही करता येतो आणि मेसेजही पाठवता येतो, दिवसरात्र, विनामूल्य.

पलीकडे प्रशिक्षण घेतलेला माणूस असतो. क्रायसिस टेक्स्ट लाइनचे स्वयंसेवक आधी प्रशिक्षण घेतात आणि संभाषण चालू असताना व्यावसायिक समुपदेशक त्यांच्यावर लक्ष ठेवून असतात. रांग असेल तर जास्त धोक्यातल्या व्यक्तीला संगणक पुढे घेतो. स्वयंसेवक उपदेश करत नाही. तो ऐकतो, आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारतो आणि आजची रात्र सुखरूप कशी काढायची, हे तिच्याबरोबर ठरवतो.

याचा उपयोग किती होतो? कोलंबिया विद्यापीठाच्या मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. संभाषणानंतरची प्रश्नावली भरणाऱ्या, आत्महत्येचे विचार येत असलेल्या लोकांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांना मदत झाली असं वाटलं आणि सुमारे निम्म्यांच्या मनातले ते विचार कमी झाले होते. आकडे दिलासा देणारे आहेत. पण प्रश्नावली सगळेच भरत नाहीत आणि हे उत्तर त्या क्षणाचं आहे, महिन्यानंतरचं नाही. फुलबाजीचा चटका बसला की आपण हात आधी गार पाण्याखाली धरतो, डॉक्टर नंतर. मेसेजची मदत ही त्या गार पाण्यासारखी. ती उपचारांची जागा घेत नाही, उपचारांपर्यंत पोचवते.

मर्यादाही सांगायला हव्यात. कधी थांबावं लागतं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर मदतीला माणसं पाठवली जाऊ शकतात. नावं काढलेली संभाषणं एका कंपनीला दिल्याबद्दल क्रायसिस टेक्स्ट लाइनवर २०२२ मध्ये टीका झाली आणि तो व्यवहार संस्थेने थांबवला. ९८८ वर मेसेज इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्येच चालतो, मराठीत नाही. फोनवर मात्र २४० हून अधिक भाषांसाठी दुभाषाची सोय आहे. भारतातल्या आईवडिलांसाठी ‘टेली-मानस’ आहे, क्रमांक १४४१६; तिथे मराठीत बोलता येतं.

आता आपल्या घराबद्दल. ‘जीव नकोसा झालाय’ हे आपण ट्रॅफिकबद्दलही म्हणतो. त्यामुळे कुणी ते खरंच म्हणालं तरी कानाआड होतं. एकदा थांबून विचारा, “मरावंसं वाटतं का तुला?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. उलट, कुणीतरी विचारलं याचा सुटकेचा श्वास पुष्कळदा ऐकू येतो. उत्तर ‘हो’ आलं तर ‘लोक काय म्हणतील’ बाजूला ठेवा, जवळ बसा आणि तिच्यासोबत ९८८ ला फोन किंवा मेसेज करा.

आणि तरुण दोस्तांनो, हा क्रमांक वापरायला आईबाबांची परवानगी लागत नाही. मित्रासाठी सल्ला विचारायलाही तो चालतो.

अंक मिटण्याआधी एवढंच करा: घरातल्या प्रत्येक फोनमध्ये ९८८ साठवा, आजीच्यासुद्धा. आणि का साठवला, ते फराळाच्या टेबलावर मोठ्याने सांगा. वरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.