अकोल्याचं ऊन, चिखलदऱ्याचं धुकं

लग्नाच्या अल्बममध्ये जोडपं चिखलदऱ्याच्या धुक्यात उभं असतं. फोटो मात्र अकोल्यात, मे महिन्याच्या उन्हात काढलेला. कडा कितीही सफाईनं कापा, चिकटवलेलं ओळखू येतंच. चेहऱ्यावर उन्हाची पिवळसर झाक, मागे निळसर मवाळ उजेड.

हा रंगांचा फरक मिटवायला फोटोशॉपमध्ये 2003पासून ‘मॅच कलर’ आहे. अशा रंगबदलाचं सोपं गणित एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये मांडलं. चित्रातला उजेड एकीकडे, रंगाचे दोन घटक दुसरीकडे काढायचे. प्रत्येकाची सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, मोजायचं. मग जोडप्याच्या लेअरचे, म्हणजे चित्रातल्या त्या थराचे, आकडे धुक्याच्या लेअरइतके करायचे. बस्स!

पण आकड्यांना कातडी आणि पान यांतला फरक कळत नाही. मागे श्रावणातलं मेळघाटचं हिरवंगार जंगल घ्या, नवरीचे गाल हिरवट होतात. म्हणून ‘मॅच कलर’मधली ‘फेड’ची पट्टी सरकवून परिणाम सौम्य करावा, तो पूर्ण ठेवणं मला तरी भडकच वाटतं. काम लेअरच्या प्रतीवर करा. आणि उन्हानं पडलेली नाकाखालची काळी सावली ‘मॅच कलर’नं जात नाही. धुकं लावायचंच असेल, तर फोटो सावलीत काढा.