स्टेपनीच्या खांद्यावर किती ओझं?

सुट्टी लागली, की जीपवाल्या मंडळींच्या पायाला भिंगरी लागते. कुणी कोकणात उतरतं, कुणी कच्छचं रण गाठतं, तर कुणी थेट लडाखचा रस्ता धरतं. गाडीत माणसं पाच आणि सामान मात्र दहा जणांचं! आतली जागा संपली, टपावरचं कॅरियरही भरलं, की नजर जाते मागच्या दारावरच्या स्टेपनीकडे. एवढं भक्कम चाक नुसतंच बसून आहे, त्याला एक स्टँड जोडला तर पाण्याचा कॅन, सायकल, घडीचं टेबल, काहीही अडकवता येईल! गाडी ओळखीच्या वेल्डरकडे जाते. दोन पट्ट्या, एक जाड पत्रा, चार भोकं... तासाभरात काम फत्ते.

स्वस्त आणि मस्त! पण स्टँड कशावर बसतोय आणि किती ओझं उचलणार आहे, याचा विचार केला नाही, तर हीच हौस ऐन घाटात महागात पडते.

मुळात हे ‘स्टेपनी’ नाव आलं कुठून? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक तयार केलं. तोवर पंक्चर झालं, की रस्त्यातच टायर उतरवून ठिगळ लावत बसावं लागे. टायर चढवून हवा भरलेली ही रिम बसलेल्या चाकाला बाजूनं अडकवली, की गाडी पुढे निघे. त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे कायमचं रुजलं. थोडक्यात, स्टेपनीचं काम पहिल्यापासून एकच... अडचणीच्या वेळी चटकन हाताशी येणं.

गाडीच्या पाठीवर सामान लादण्याची कल्पनाही जुनीच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या मागे जादा चाक आणि सुमारे २० लिटरचा कॅन शेजारी शेजारी असत. हीच विलीज जीप १९४७ पासून महिंद्र कंपनी मुंबईत जुळवू लागली. मात्र महायुद्धातल्या त्या जीपला मागे उघडणारं दार नव्हतं. चाक आणि कॅन, दोन्ही थेट गाडीच्या अंगावर बसवलेले होते. मारुती जिप्सी, बोलेरो, २०२० नंतरची थार किंवा जिम्नी यांच्यात स्टेपनी असते ती बाजूला उघडणाऱ्या दारावर. साहजिकच दार उघडलं, की सगळा भार बिजागऱ्यांवर!

अशा गाडीचं चाकच २०-२५ किलोच्या घरात असतं. दार आणि बिजागऱ्या केलेल्या असतात त्या चाकाच्या हिशेबानं. त्यात २० लिटर पाणी लटकवलं, की आणखी २० किलो वाढले. शिवाय प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, अंतराचाही आहे. भरलेली बादली अंगाजवळ धरून बघा आणि मग हात लांब करून बघा. बादली तीच, पण खांदा लगेच भरून येतो. चाकाच्या पुढे हातभर बाहेर आलेला स्टँड बिजागऱ्यांची तशीच अवस्था करतो. त्यात खड्ड्यात आदळल्यावर बसणारा झटका मूळ वजनाच्या कितीतरी पट असतो. दार उचलून लावावं लागतंय, करकरतंय किंवा कडेला घासतंय, तर ओझं जास्त झालंय असं खुशाल समजावं.

मग घरगुती स्टँड करूच नये का? करावा की! पण हलका आणि चाकाला चिकटून बसणारा. त्याच्यावर ठेवायचं सामानही हलकंच हवं. घडीच्या खुर्च्या, फावडं, ओले कपडे किंवा कचऱ्याची पिशवी इतपत ठीक. जड सामान गाडीच्या आत, खाली ठेवावं. स्टेपनीच्या स्टडवर स्टँडची पट्टी चढवली, की नटला पेच कमी उरतात. स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीवर नटची पकड हवी. तेवढी मिळत नसेल तर ती जागा सोडून द्यावी. नट चाकाच्या खाचेत नीट बसायला हवा. स्टँडचे बोल्ट हादऱ्यानं ढिले होतात, म्हणून त्यांना नायलॉक नट वापरावेत. टायरला लोखंड घासू नये यासाठी मध्ये रबर द्यावं, कापलेल्या कडा घासून रेड ऑक्साइड लावावा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा आवळावेत.

पेट्रोलचा कॅन मात्र तिथे कधीही नको. मागून कुणी ठोकलं, तर पहिला मार त्यालाच बसणार. मुलांनाही त्या स्टँडवर पाय देऊन चढू देऊ नये.

कायद्याचंही भान हवं. नंबरप्लेट, मागचे दिवे किंवा ब्रेकचा दिवा झाकला गेला, तर दंड होतोच आणि मागच्या गाडीला आपण ब्रेक मारल्याचं दिसतही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावलं आहे. म्हणून दारावर काही वेल्डिंग करण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी. काढता-घालता येणारा स्टँड केव्हाही चांगला.

आणि निघण्याआधी एक परीक्षा घराच्या अंगणातच घ्यावी. स्टँडवर सगळं सामान बांधावं, गाडीतलाच पाना हातात घ्यावा आणि स्टेपनी काढून बघावी. सामान सोडायला, नट काढायला किती वेळ लागतो? हवा भरायचा व्हॉल्व्ह स्टँडखाली झाकला तर गेला नाही ना? कित्येकांची स्टेपनी गरज पडते त्या दिवशीच बसलेली सापडते!

अंधारात, घाटाच्या वळणावर, गाडीत मुलं पेंगत असताना चाक बसलं, तर कामाला येणार ती स्टेपनीच. त्या वेळी ती पाच मिनिटांत हाताशी आली पाहिजे. स्टँड केवढा करायचा, हे त्यावरूनच ठरवावं.